रंगावर जाऊ नका, लाकूड वाकवून बघा!

धनुष्य म्हटलं की आपल्याला एकतर रामायण आठवतं, नाहीतर ऑलिंपिकमधलं ते कार्बनचं चकचकीत यंत्र. पण समजा, तुम्हाला निव्वळ लाकडाचं धनुष्य विकत घ्यायचंय. समोर दहा धनुष्यं मांडलीत. एक पिवळंधमक आणि गुळगुळीत, दुसरं जरा काळपट, तिसऱ्याला मध्येच गाठ, चौथ्यावर निळसर डाग. कुठलं उचलाल? आणि जे उचलाल ते पूर्ण ताणल्यावर तुमच्या गालाशेजारी फाटकन मोडणार नाही याची गॅरंटी काय?

हा प्रश्न जवळपास पाचशे वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या तरुण मास्तराला पडला होता. तो नुसता विचार करत बसला नाही, त्याने त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचं नाव रॉजर अ‍ॅस्कम. पुढे तो इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीचा शिक्षक म्हणून जगाला माहीत झाला. लाकूड पारखता पारखता हा माणूस विद्यार्थी पारखायला कसा शिकला, त्याची ही गोष्ट.

खेड्यातला पोरगा, केंब्रिजचा हॉस्टेलाइट

रॉजरचा जन्म साधारण 1515चा, यॉर्कशायरमधल्या किर्बी विस्क या छोट्या गावातला. वडील जॉन हे लॉर्ड स्क्रूप नावाच्या सरदाराकडे कारभारी. घरात पैशांचा पाऊस वगैरे नव्हता. पण त्या काळी चुणचुणीत पोराला एखाद्या मोठ्या घरी वाढायला पाठवायची पद्धत होती. त्याप्रमाणे रॉजर सर हम्फ्री विंगफील्ड यांच्या घरी गेला. हे गृहस्थ पोरांना शिकवायला मास्तर ठेवायचेच, शिवाय लंडनला गेले की येताना पोरांसाठी धनुष्यबाण घेऊन यायचे आणि स्वतः मैदानात उभं राहून नेम धरायला शिकवायचे. जो चांगला नेम मारेल त्याला चांगलं धनुष्य. रॉजरला पुस्तक आणि धनुष्य या दोन्हींचं वेड एकाच घरात लागलं.

1530च्या सुमारास, म्हणजे पंधराव्या वर्षी, तो केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाला. तेव्हा तिथे ग्रीक भाषेची जोरदार हवा होती. जॉन चीक नावाच्या तरुण प्राध्यापकाभोवती हुशार पोरांचा गट जमला होता, त्यात रॉजर सामील झाला. अक्षर तर इतकं देखणं, की पुढे विद्यापीठाची महत्त्वाची पत्रं त्याच्याच हातून लिहून घेतली जायची.

1534मध्ये तो बीए झाला आणि लगेच कॉलेजच्या फेलोशिपची निवडणूक आली. फेलोशिप म्हणजे राहायची-खायची सोय आणि अभ्यासाला मोकळा वेळ. गरीब घरच्या पोरासाठी हाच काय तो चान्स. आणि नेमकं तेव्हाच रॉजरचं तोंड सुटलं. मित्रांच्या घोळक्यात तो पोपच्या विरोधात बोलला. वातावरण तापलेलं होतं, गोष्ट वरपर्यंत पोहोचली. पोरगं वाया गेलेलं आहे, याला फेलोशिप कशाला, असा सूर निघाला.

कॉलेजचे प्रमुख होते निकोलस मेटकाफ. ते स्वतः जुन्या मताचे, पोपच्या बाजूचे. त्यांनी रॉजरला चारचौघांत खडसावलं, त्याच्यावर दंडाचा बडगाही उगारला. पण आतून मात्र याच म्हाताऱ्याने सूत्रं हलवली आणि रॉजरची निवड होईल अशी व्यवस्था केली. पोराचं मत पटत नाही, पण पोरगं अस्सल आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. रॉजर हे कधीच विसरला नाही. तो दिवस नसता तर आपण कुणीच झालो नसतो, असं तो आयुष्यभर मानत राहिला. वरचा डाग एक आणि आतलं लाकूड वेगळं, हा त्याचा पहिला धडा म्हणायला हरकत नाही.

इतका हुशार मुलगा धनुष्यबाण काय खेळतो?

फेलो झाल्यावर रॉजर ग्रीक शिकवायला लागला. पण तब्येत नाजूक. ताप वारंवार उलटायचा, मध्ये तर दीर्घ आजारपणात गावी जाऊन राहावं लागलं. मोकळ्या हवेतला व्यायाम म्हणून तो धनुष्यबाण घेऊन मैदानात जायचा. झालं, लोक बोलायला लागले. विद्वान माणसाने पुस्तक सोडून हे काय चालवलंय? आपल्याकडे परीक्षेच्या महिन्यात बॅट घेऊन बाहेर पडलं की जे ऐकावं लागतं, तेच.

रॉजरने उत्तर पुस्तकातून दिलं. 1545मध्ये 'टॉक्सोफिलस' छापलं गेलं. हे नाव त्याने ग्रीक शब्द जोडून बनवलं, अर्थ धनुष्यावर प्रेम करणारा. पुस्तकात दोन मित्र गप्पा मारतात, एक धनुष्यवेडा आणि दुसरा पुस्तकवेडा. पहिल्या भागात नेमबाजी का करावी यावर वाद रंगतो, दुसऱ्या भागात ती कशी करावी याचा रीतसर कोर्स आहे. उभं कसं राहायचं, बाण दोरीवर कसा बसवायचा, खेचायचा कसा, धरून किती ठेवायचा आणि सोडायचा कसा, अशा पाच पायऱ्या.

यातला खरा धाडसी भाग भाषेचा होता. विद्वान म्हटला की त्याने लॅटिनमध्येच लिहायचं, असा तो काळ. रॉजरचं लॅटिन फर्स्टक्लास होतं, त्याच्यासाठी तेच सोपं होतं. तरी त्याने हे पुस्तक इंग्रजीत लिहिलं. कारण धनुष्य चालवणारा शेतकरी लॅटिन वाचणार नव्हता. आज जगावर राज्य करणारी इंग्रजी तेव्हा घरगुती, अडाणी भाषा समजली जायची, हे आपण मराठीवाल्यांनी जरा थांबून लक्षात घेण्यासारखं आहे.

पुस्तक आठव्या हेन्री राजाला अर्पण केलं होतं. राजाला स्वतःला धनुष्याचा शौक, शिवाय देशाला तिरंदाज हवे होते. ग्रीनिचच्या राजवाड्यात रॉजरने पुस्तक पेश केलं आणि वर्षाला दहा पौंडांची पेन्शन मिळवून परत आला.

दुकानात गेल्यावर काय बघायचं?

त्या काळचं इंग्लिश लाँगबो म्हणजे उंच माणसाएवढा एकसंध लाकडी दांडा. सगळ्यात उत्तम लाकूड 'यू' या सूचिपर्णी झाडाचं. त्याची गंमत अशी, की बाहेरचं लाकूड पांढुरकं आणि गाभ्याचं तांबूस-नारिंगी. पांढरा थर ताण सोसतो, म्हणून तो धनुष्याच्या पाठीला, म्हणजे नेम धरताना समोरच्या बाजूला ठेवायचा. गाभा दाब सोसतो, म्हणून तो पोटाला, तिरंदाजाच्या बाजूला. एकाच लाकडात निसर्गाने दोन मटेरियल चिकटवून दिलेली. हे लाकूड इतकं कमी पडायचं, की 1472च्या कायद्याने परदेशातून माल घेऊन येणाऱ्या जहाजांना मालाच्या प्रमाणात धनुष्याचे दांडे आणणं सक्तीचं केलं होतं.

असं महागडं लाकूड पारखायचं कसं, ते रॉजरने बारकाईने सांगितलंय. फांदीचं धनुष्य गाठाळ आणि कमकुवत. ते लवकर दोरीच्या बाजूला वाकून बसतं आणि वापरून वापरून त्याला सुंदर रंगही चढत नाही. शिकाऊ पोरांना चालेल. कोवळ्या रोपाचं धनुष्य चपळ, मोडण्याआधी भरपूर वाकतं. पण सगळ्यात भारी ते बुंध्याचं. तेही लाकूड सरळ चिरलेलं असेल आणि रेषेच्या कलाने तासलेलं असेल तरच. रेषा आडवी कापली, की धनुष्य आज ना उद्या मोडणार आणि त्याच्या चिरफळ्या होणार. हे सगळं दांडा कच्चा असतानाच बघायचं, धनुष्य तासून तयार झाल्यावर बघून उपयोग नाही.

मग रंगाचं काय? पोट आणि पाठ काम करताना साधारण एकसारखी दिसतात, ते धनुष्य त्याच्या मते रंगाने सर्वात उत्तम. असं लाकूड वापरात मुरलं की ताज्या मेणासारखं किंवा सोन्यासारखं दिसायला लागतं. पण त्याच वाक्यात तो लगेच रेषेवर येतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांबलचक बारीक रेषा हवी. आखूड रेषेचं लाकूड बहुतेक वेळा ठिसूळ निघतं. म्हणजे रंग ही खूण झाली, खरी परीक्षा तंतूंची.

गाठींबद्दल तर तो एखाद्या डॉक्टरसारखा बोलतो. बारीक गाठीभोवतीचं चांगलं लाकूड बिघडलेलं असतं, बिघडलं म्हणून ते कमजोर आणि कमजोर म्हणून पोटाच्या बाजूला तिथेच चिमटा बसल्यासारखी आडवी सुरकुती पडते. दुर्लक्ष केलं की ती वाढत जाते आणि एक दिवस धनुष्य जातं. म्हणून चांगला कारागीर गाठ तासून सपाट करत नाही, उलट तिथे लाकूड जास्त ठेवतो. सुरकुती पडलीच तर तिच्या आजूबाजूची जागा किंचित तासायची, म्हणजे वाक सगळीकडे वाटला जातो आणि एकाच जागेवर भार येत नाही. काही लोक त्या चिरेत पिसाच्या देठाचे तुकडे सरसाने भरायचे. रॉजरच्या मते हा शुद्ध वेडेपणा. भेग बुजवली, पण जागा कमजोर आहे हे मूळ कारण तसंच राहिलं की!

शेवटी तो म्हणतो तो मुद्दा साधा आहे. चांगलं धनुष्य वापरल्यावरच कळतं. तोवर प्रामाणिक कारागिरावर भरवसा ठेवा, चार पैसे जास्त द्यावे लागले तरी द्या. चांगल्या धनुष्याला दुप्पट पैसे मोजणं हे वाईट धनुष्य एकदा मोडण्यापेक्षा परवडतं. विकत आणल्यावर मैदानात नेऊन जड बाणांनी त्याला भरपूर कामाला लावा, कुठे जास्त वाकतंय ते बघा, मग परत कारागिराकडून दुरुस्त करून घ्या. मेणाच्या फडक्याने रोज घासा, म्हणजे वर कवच तयार होतं आणि ओल आत शिरत नाही. आणि एकावर विसंबू नका, तीन-चार धनुष्यं हाताशी ठेवा.

डाग की कुज?

रॉजरच्या काळात सूक्ष्मदर्शक नव्हता, बुरशीचं विज्ञान नव्हतं. पण बिघडलेलं लाकूड आणि नुसतं रंग बदललेलं लाकूड यात फरक असतो, हे त्याच्या सांगण्यातून जाणवतं. आज तो फरक नीट सांगता येतो.

लाकूड उन्हापावसात राहिलं की राखाडी होतं. हा बदल अगदी वरच्या पापुद्र्यापुरता असतो, थोडं खरवडलं की खाली स्वच्छ लाकूड. याला घाबरायचं कारण नाही.

बाहेरच्या पांढुरक्या थरात निळसर-करडे पट्टे दिसले, तर ती डाग पाडणारी बुरशी. ती लाकडातली साखर आणि स्टार्च खाते, तंतूंच्या भिंती सहसा सोडून देते. त्यामुळे ताकद फारशी कमी होत नाही, मात्र लाकडाचा चिवटपणा थोडा घटू शकतो. शिवाय हा डाग एक निरोप देतो, की हे लाकूड बराच काळ ओलं पडून होतं. म्हणजे कुजवणारी बुरशीही येऊन गेलेली असू शकते.

ती दुसरी बुरशी खरी शत्रू. लाकडावर नकाशासारख्या बारीक काळ्या रेघा, मऊ पडलेले फिकट चट्टे, तपकिरी होऊन चौकोनी तडकलेले भाग, ही तिची लक्षणं. वाट्या-फुलदाण्या करणारे कलाकार असं नक्षीदार लाकूड आवडीने घेतात. धनुष्य करणाऱ्याने मात्र हात जोडावेत. कारण कुजीच्या अगदी सुरुवातीला, डोळ्यांना धड काही दिसतही नसताना, सर्वात आधी जातो तो चिवटपणाच. आणि धनुष्य त्याच्यावरच तर जगतं.

ओळखायचं कसं? अणकुचीदार टोच्याने तंतूंच्या दिशेने एक बारीक कपची उचकटून बघायची. निरोगी लाकडाची लांब, धारदार कपची निघते. कुजलेल्याचा तुकडा तिथल्या तिथे कट्कन तुटतो. नखाने दाबून बघायचं, त्याच आकाराच्या दुसऱ्या तुकड्याशी वजन ताडून बघायचं. शंका राहिली, तर तो दांडा धनुष्यासाठी वापरायचाच नाही. आणि तोडलेलं लाकूड पहिल्यापासून कोरड्या, हवेशीर जागी ठेवायचं. ओलाव्याचं प्रमाण वीस टक्क्यांखाली राहिलं की बुरशीचं काही चालत नाही.

याचा सगळ्यात भन्नाट पुरावा खुद्द रॉजरच्या काळातलाच आहे. 'टॉक्सोफिलस' छापलं गेलं त्याच 1545 सालच्या 19 जुलैला हेन्री राजाची 'मेरी रोझ' ही युद्धनौका इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ बुडाली. 11 ऑक्टोबर 1982ला तिचा सांगाडा वर काढला गेला. त्या जहाजातून 172 लाँगबो मिळाली, सगळी यूची. समुद्रतळाच्या गाळात साडेचारशे वर्षं राहून ती गडद झालेली. रंगावरून कुणीही टाकून दिली असती. पण गाळात ऑक्सिजन पोहोचला नाही, म्हणून कुजही झाली नाही. अनेक धनुष्यं अख्खी निघाली, आज ती पोर्टस्मथच्या संग्रहालयात आहेत. रॉजर ज्या धनुष्यांबद्दल लिहीत होता, ती नेमकी हीच.

राणीचा मास्तर

पुस्तकाने रॉजरचं नाव झालं. 1546मध्ये तो विद्यापीठाचा अधिकृत वक्ता झाला. 1548च्या सुरुवातीला राजकन्या एलिझाबेथचा शिक्षक विल्यम ग्रिंडल प्लेगने गेला. तो रॉजरचाच विद्यार्थी. चौदा वर्षांच्या एलिझाबेथने त्याच्या जागी रॉजरलाच मागून घेतलं.

शिकवायची त्याची पद्धत आजही ट्राय करण्यासारखी आहे. लॅटिनचा उतारा घ्यायचा, त्याचं इंग्रजी भाषांतर करायचं. मग पुस्तक मिटवून ठेवायचं, थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि आपल्याच भाषांतरावरून पुन्हा लॅटिन लिहायचं. शेवटी मूळ उतारा शेजारी ठेवून दोघांनी मिळून फरक बघायचा. चुकलं तर छडी नाही, चर्चा. पाठांतर, गाइड वगैरे भानगड नाही. एलिझाबेथ याच पद्धतीने तयार झाली आणि पुढे परदेशी वकिलांशी लॅटिनमध्ये फाडफाड बोलायची.

पण दरबारी राजकारण रॉजरला झेपलं नाही. दोन वर्षांत तिच्या कारभाऱ्याशी खटके उडाले आणि 1550मध्ये तो नोकरी सोडून गेला. त्याच वर्षी युरोपला निघण्याआधी तो लेडी जेन ग्रेला भेटला. घरचे सगळे शिकारीला गेलेले आणि ही पोरगी खोलीत एकटी बसून प्लेटो वाचत होती, तोही मूळ ग्रीकमधून. कारण विचारल्यावर तिने सांगितलं, की आई-वडील प्रत्येक गोष्टीवरून टोचून बोलतात, चिमटे काढतात आणि फक्त शिक्षक प्रेमाने वागतात, म्हणून अभ्यासातच सुख वाटतं. चार वर्षांनी सत्तेच्या खेळात तिचा शिरच्छेद झाला. रॉजरच्या मनातून ती भेट कधीच गेली नाही.

1553मध्ये तो परतला तेव्हा गादीवर कट्टर कॅथलिक मेरी राणी येत होती. प्रोटेस्टंट रॉजरची नोकरी जाणार, असंच कुणालाही वाटलं असतं. पण तिचा मंत्री बिशप गार्डिनर 'टॉक्सोफिलस'चा चाहता निघाला. पेन्शन दहाची वीस पौंड झाली आणि रॉजर राणीचा लॅटिन सचिव झाला. पुढे एलिझाबेथ राणी झाल्यावरही ते पद त्याच्याकडेच राहिलं. दिवसा सरकारी पत्रं, संध्याकाळी राणीबरोबर ग्रीक वाचन.

डाग त्याच्यावरही होते. 'टॉक्सोफिलस'मध्ये त्याने फासे आणि पत्त्यांवर पानंच्या पानं झोड उठवलीय. पण कॅम्डेन या इतिहासकाराने नोंदवून ठेवलंय, की फासे आणि कोंबड्यांच्या झुंजी यांच्या नादानेच रॉजर गरिबीत राहिला. पैशासाठी मोठ्या लोकांना लिहिलेली त्याची पत्रंही आहेत. मास्तर आदर्श पुतळा वगैरे नव्हता.

विद्यार्थी आणि लाकूड

10 डिसेंबर 1563. लंडनमध्ये प्लेग होता म्हणून दरबार विंडसरला हललेला. मंत्री विल्यम सेसिल यांच्या खोलीत जेवताना बातमी निघाली, की मारझोडीला घाबरून ईटन शाळेतली काही पोरं पळून गेलीत. कुणी म्हणालं, मार हवाच. रॉजर म्हणाला, मारून नाही, माया लावूनच मूल शिकतं. त्या पंगतीत सर रिचर्ड सॅकव्हिल गप्प बसून होते. नंतर त्यांनी रॉजरला बाजूला घेऊन सांगितलं, की लहानपणी एका मास्तराने मारून मारून आपलं शिक्षणावरचं मनच उडवलं, निदान माझ्या नातवाचं तसं होऊ नये. तुम्ही हे सगळं लिहून काढा.

त्यातून 'द स्कूलमास्टर' हे पुस्तक जन्मलं आणि त्यात तो जुना धनुष्यवाला पुन्हा डोकावतो. पटकन शिकणारी पोरं त्याच्या मते फार धार लावलेल्या हत्यारासारखी, त्यांची धार लवकर वळते. शाळा मात्र त्यांनाच डोक्यावर घेते आणि हळू शिकणाऱ्यांना मार देते. रॉजर म्हणतो, जरा राठ, कडक पोराला रेषेच्या उलट न तासता त्याच्या कलाने घडवा, तेच शेवटी टिकतं. लाकूड काय आणि दगड काय, कोरीव काम मऊवर नाही, कठीणावर उत्तम उठतं.

पुस्तक छापलेलं त्याने पाहिलं नाही. 1568च्या डिसेंबरात, आजारी असतानाच, नववर्षाला राणीला द्यायच्या लॅटिन कवितेसाठी तो रात्री जागत होता. 30 डिसेंबरला तो गेला. त्यापेक्षा दहा हजार पौंड समुद्रात टाकणं आपल्याला परवडलं असतं, असं एलिझाबेथ हळहळली म्हणतात. काटकसरीसाठी प्रसिद्ध असलेल्या राणीच्या तोंडी हे, म्हणजे विचार करा! त्याची बायको मार्गारेट हिने 1570मध्ये 'द स्कूलमास्टर' छापून घेतलं.

रॉजरने बनवलेल्या शब्दावरून 1781मध्ये लंडनच्या तिरंदाजांनी आपल्या संस्थेला टॉक्सोफिलाइट हे नाव दिलं. आजही लाकडी धनुष्य करणारे लोक त्याचं पुस्तक उघडतात, गाठ कशी सांभाळायची ते वाचायला. बाकीच्या आपण निदान एवढं लक्षात ठेवू, की पहिल्या सेमिस्टरचा निकाल हा लाकडाचा रंग असतो. रेषा कळायला जरा वाकवून बघावं लागतं.